चुकलेला हात आणि अभ्यासयोग

चुकीचा बसलेला हात म्हणजे अज्ञान नव्हे. पेटीवर बोटे कशी फिरवावीत हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला ते शिकवले की काम संपते. अडचण निराळ्याच माणसाची असते. योग्य रीत त्याला माहीत असते, पटलेली असते, विचारले तर तो ती लगेच करूनही दाखवतो. पण अभंग सुरू झाला की हात जुन्या वाटेने जातो. जाणणे आणि घडणे यांत पडणारे हे अंतर भारतीय तत्त्वविचाराचा फार जुना विषय आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन तेच विचारतो: मनात नसतानाही, कोणी बळाने ढकलावे तसा, माणूस चुकीकडे का जातो? तिथे प्रश्न पापाचा आहे. वादकाच्या बोटांबाबतही तो तसाच उभा राहतो, आणि त्याची तपासणी करायला बोटे हे चांगले ठिकाण आहे, कारण तिथली चूक कानाला ऐकू येते.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत हा प्रश्न घरोघरचा आहे. हे तालुके पोर्तुगीज सत्तेखाली उशिरा, १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आले. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत त्याआधीच्या दोन शतकांत चर्चच्या शाळांतून स्वरलेखन, व्हायोलिन आणि ऑर्गन शिकवण्याची परंपरा रुजली होती. पुढे तिथल्या ख्रिस्ती घरांत पियानो आला, आणि १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी पाश्चात्त्य संगीताची अकादमी काढली. पेडणे-डिचोलीत देवळे टिकली, आणि देवळांबरोबर कीर्तन, भजन आणि दशावतार टिकला. त्यामुळे इथल्या माणसाच्या बोटांखालची पट्टी पियानोची नसते, पेटीची असते. पेटीही युरोपचीच: पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारत वाजवता येईल असे तिचे रूप घडवले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पियानोचीच राहिली, आणि बोटांचे कोडेही तेच राहिले.

भजनी मंडळात पेटी शिकणे म्हणजे बहुधा बुवांच्या शेजारी बसून हात पाहणे. मुलगा कानाने चाल उचलतो आणि जी बोटे हाताशी येतील त्यांनी ती वाजवतो. पहिल्या दिवसापासून तो साथीला असतो. टाळ-मृदंगाच्या गजरात त्याच्या स्वरांमधल्या फटी कोणाला ऐकू येत नाहीत. पुढे साखळीजवळच्या विठ्ठलापुरात चैत्रातल्या उत्सवाला, गावच्या सप्ताहाला, चवथीला घरोघर तो वाजवत राहतो. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने होणाऱ्या भजन स्पर्धेपर्यंतही तो पोचतो. तोवर दहा-पंधरा वर्षे झालेली असतात आणि हात पक्का झालेला असतो. या शिक्षणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. कान, लय, शेकडो अभंगांच्या चाली आणि दुसऱ्याच्या गळ्याच्या मागोमाग जाण्याची सवय हे सगळे याच वाटेने येते आणि वर्गात बसून सहसा येत नाही. फक्त बोटांकडे या वाटेवर कोणाचे लक्ष नसते.

चूक नेमकी काय असते, ते एका सप्तकात दिसते. पुरुष गायकासाठी सूर काळी एक धरला आणि सगळे शुद्ध स्वर वाजवायचे ठरवले, तर सा आणि रे काळ्या पट्ट्यांवर येतात, ग पांढरीवर, म, प, ध पुन्हा काळ्यांवर, नी पांढरीवर आणि वरचा सा काळीवर. हाताला सोयीची रीत अशी: सा तर्जनीने, रे मधल्या बोटाने, ग अंगठ्याने, म तर्जनीने, प मधल्याने, ध अनामिकेने, नी अंगठ्याने, वरचा सा तर्जनीने. सगळी मेख दोन ठिकाणी आहे, रे वरून ग वर जाताना आणि ध वरून नी वर जाताना. मधले बोट रे वर असतानाच अंगठा तळहाताखालून सरकून ग च्या पट्टीवर तयार उभा राहिला पाहिजे. स्वतः शिकलेला वादक अंगठा बाहेर लटकत ठेवतो आणि तर्जनी-मधल्याच्या जोडीवर सारे भागवतो. मग रे नंतर त्याला अख्खा हात उचलून ग वर टाकावा लागतो. तेवढ्या वेळात रे तुटतो. पेटीत मींड नाही. एक पट्टी सोडणे आणि दुसरी दाबणे यांच्या अचूक जुळणीतूनच सलग गाण्याचा भास निर्माण करावा लागतो. मधुकर पेडणेकर आणि त्यांचे शिष्य, मूळ बोरीचे तुळशीदास बोरकर यांनी पेटीवर गळ्याच्या अंगाने वाजवण्याचे जे काम केले, ते याच जुळणीवर उभे आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला जी बंदी घातली होती, तिच्यामागच्या मुख्य आक्षेपांत सुटे आणि अढळ स्वर हाही एक होता.

दोन ठिकाणची फट. एवढीच चूक. पण तिच्यापायी मनगट ताठ होते, खांदा वर चढतो, करंगळी आखडून हवेत राहते, आणि द्रुत लयीत हात पळू लागला की सारी ताकद पट्ट्या दाबण्यात खर्च होते.

योगदर्शनाच्या भाषेत हा संस्कार आहे. एकदा केलेली कृती संपते, पण मागे ठसा ठेवते. ठसा पुन्हा त्याच कृतीकडे ओढतो. ती कृती ठसा गडद करते. ज्ञानेश्वरीत, शके १२१२ मध्ये, बाराव्या अध्यायाच्या विवेचनात अभ्यासाचे सामर्थ्य सांगताना ज्ञानेश्वर विष पचवणाऱ्यांचा आणि वाघ-साप माणसाळवणाऱ्यांचा दाखला देतात. अभ्यासाला अशक्य काही नाही, असा त्याचा रोख आहे. या दाखल्याची दुसरी बाजू वादकाने ध्यानात घ्यावी. अभ्यासाने विषही पचते, म्हणजे अभ्यास स्वतः बरे-वाईट निवडत नाही. चुकीच्या हाताने दहा वर्षे वाजवणारा माणूस आळशी नव्हता. त्याने अभ्यासच केला, आणि अभ्यासाने आपले काम चोख बजावले. त्याला 'आणखी मेहनत कर' हा सल्ला देणे म्हणून घातक आहे. तोच हात, तोच अभंग, तीच लय, आणि आता दुप्पट वेळ, याने जुना ठसाच खोल होतो.

मग संस्कार पुसता येतो का? पतंजलींनी क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. हे वर्गीकरण अस्मिता, राग, द्वेष यांच्यासाठी आहे, बोटांसाठी नाही, हे मान्य करूनच ते इथे लावावे. तरीही ते फार नेमके बसते. साथ करताना जुनी सवय उदार असते, म्हणजे पूर्ण कामात असते. एकांतात संथ लयीत नवी रीत वाजवताना ती विच्छिन्न होते: नाहीशी झालेली नसते, दुसऱ्या संस्काराने तेवढ्यापुरती बाजूला सारलेली असते. काही महिन्यांनी ती तनु, विरळ होते. आणि वादकाला वाटू लागते की गेली, तेव्हा ती प्रसुप्त असते. सप्ताहाच्या रात्री तिसऱ्या प्रहरी, डोळ्यांवर झोप, बुवांनी अचानक लय चढवलेली, आणि हात आपोआप अख्खा उचलला जातो. ग वर जुनीच तर्जनी पडते. यात वादकाचा तोल ढळण्यासारखे काही नाही. पावलॉव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हेच नोंदले: घंटेला लाळ सुटण्याची सवय मोडून काढली, तरी मध्ये काही काळ गेला की ती आपणहून पुन्हा डोके वर काढी. मोडलेली सवय पुसली गेलेली नव्हती, दडपली गेली होती. व्यासभाष्यात भाजलेल्या बीजाची कल्पना आहे, जे पुन्हा रुजत नाही. ती अवस्था विवेकख्यातीने, म्हणजे आत्मा आणि चित्त वेगळे असल्याच्या ज्ञानाने येते, पलट्यांनी नाही. रियाजाची पोच तनु आणि प्रसुप्त यांच्यापर्यंतच असते, हे आधीच कळलेले बरे. मग जुनी चूक परत आल्यावर माणूस सगळेच सोडून देत नाही.

परत आलेली चूक माणसाला सर्वांत आधी अपराधी करते. 'माझ्याच हातात दोष आहे' हे वाक्य शिकणाऱ्यांच्या तोंडी फार असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे पुढे म्हटले आहे. हा श्लोक अहंकार उतरवण्यासाठी सांगितला जातो. तो अपराधभावही तितकाच उतरवतो, आणि तपासणीची एक रीतही देतो. अधिष्ठान म्हणजे शरीर आणि त्याची बैठक: पेटी जमिनीवर आणि वादक उंच गादीवर असेल, तर मनगट खाली मोडते आणि अंगठ्याला तळहाताखाली जागाच उरत नाही. करण म्हणजे साधन: भात्याचे चामडे जुने झाले आणि वारा गळू लागला की डाव्या हाताला जोरजोराने भाता मारावा लागतो, त्याचा ताण पाठीतून उजव्या खांद्यात जातो, आणि दोष मात्र उजव्या बोटांना लागतो. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाल, एकेक वेगळी करून पाहण्यासारखी. दैवात वादकाच्या हाताची ठेवण येते, आखूड करंगळी येते, पहिल्या पेटीवाल्या काकांनी जे दाखवले तेही येते. या चारांकडे पाहून झाल्यावरच कर्त्याची पाळी. अनुभव असा की बैठक दोन बोटे खाली घेतली आणि भाता नीट करून आणला, तर निम्मी चूक जागीच ढिली पडते.

उरलेली निम्मी मात्र कर्त्याचीच असते, आणि तिथे इच्छेचा उपयोग फार थोडा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभाव आणि आचरण यांवरच्या ग्रंथात वाकून उभ्या राहणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. 'सरळ उभा राहा' म्हटले की तो सरळ होत नाही. वेगळ्या तऱ्हेने वाकडा होतो. ज्या शरीराने सरळपणा काय ते ठरवायचे, तेच वाकड्या सवयीचे असते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे ड्यूई ते हेच. हा विचार त्यांना एफ. एम. अलेक्झांडर यांच्याकडे शिकताना पक्का झाला. टास्मानियात जन्मलेल्या या नाट्यवाचकाचा आवाज रंगमंचावर बसत असे. आरशासमोर उभे राहून पाहिल्यावर त्याला दिसले की तोंड उघडण्याच्या क्षणीच आपली मान मागे खेचली जाते. मान सरळ ठेवायची असे ठरवून तो बोलू गेला, तरी शब्द काढायच्या क्षणी ती मागे जाईच. शेवटी त्याने बोलायचे ठरवायचे आणि बोलायचे नाही, असा सराव केला. कृतीची ऊर्मी उठू द्यायची, तिला होकार द्यायचा नाही. वाट मोकळी झाली ती त्यानंतर.

बोटांच्या बाबतीत दुरुस्तीची खरी जागा हीच आहे. ग ची पट्टी दाबली जाते तेव्हा उशीर झालेला असतो. रे वाजत असताना हात उचलण्याची जी किंचित उसळी मनगटात उठते, ती ओळखायची, आणि तिथेच थांबायचे. रे धरून ठेवायचा, भाता चालू, अंगठा आत आला की नाही ते पाहायचे, आणि आला असेल तरच ग. आला नसेल तर हात उचलून मांडीवर ठेवायचा. चुकीचा ग वाजवून मग बरोबर करायचा नाही, कारण तसे केल्याने 'आधी चूक, मग सुधारणा' अशी जोडगोळी मुरते. टाळ नाही, ठेका नाही, चाल नाही, फक्त दोन स्वर. शक्य तर सूरही बदलावा. काळी एकवर हात जुन्या आठवणी घेऊन उतरतो, पांढरी दोनवर त्याला तशी ओढ नसते. गीता प्रकृतीपुढे निग्रह काय करणार असे विचारते. बोटांवर बळ करून पाहणाऱ्याला त्याचे उत्तर लगेच मिळते. इथे जे करायचे आहे त्याला बळ लागतच नाही. त्याला थांबता यावे लागते.

थांबणे अवघड का जाते, याचे उत्तर पतंजलींच्या जोडशब्दात आहे. चित्तवृत्तींचा निरोध अभ्यास आणि वैराग्य या दोहोंनी होतो. गीतेतही सहाव्या अध्यायात हीच जोडी येते. संगीतशिक्षणात अभ्यासाबद्दल भरभरून बोलले जाते, वैराग्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो शब्द संन्याशाचा वाटतो. वस्तुतः हात सुधारण्यात वैराग्याचा नंबर आधी लागतो. जुन्या चुकीच्या रीतीने अभंग आज चांगला वाजतो. नव्या बरोबर रीतीने तो काही महिने वाईट वाजणार आहे. ज्याला आज संध्याकाळी चांगले वाजायला हवे, त्याचा हात सुधारणार नाही. तो जितका सराव करील तितका जुन्या रीतीकडेच जाईल, कारण त्याचे फळ तिथे आहे. मंडळात दहा वर्षे पेटीवाला म्हणून ओळख असलेल्या माणसाने दोन पट्ट्यांपुढे बाळासारखे बसायचे, आणि घरच्यांनी विचारायचे की 'आज वाजवत का नाहीस?' हे सोसणे म्हणजेच त्याचे वैराग्य. फळावर हक्क नाही हा गीतेचा बोध या माणसासाठी नीतिवचन राहत नाही, कामाची अट होते. गंधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा किंवा स्पर्धा तोंडावर असताना हात सुधारायला घेऊ नये, त्याचे कारणही हेच.

आता एकाग्रतेचा प्रश्न. तो बहुधा एकाच बाजूने मांडला जातो: मन भटकते, त्याला परत आणा. भटकणे खरे आहे आणि त्यावर गीतेचा उपाय, जिथून मन निसटते तिथून शांतपणे परत आणण्याचा, अजून जुना झालेला नाही. पण रियाजात भटकण्याइतकेच अडथळे आणखीही आहेत, आणि ते सर्वांत बारकाईने गौडपादांनी मांडले आहेत. गोव्याला हे नाव परके नाही. फोंडा तालुक्यातल्या कवळे येथील मठ गौडपादाचार्यांच्या नावाचा आहे. मांडूक्यकारिकेच्या तिसऱ्या प्रकरणात ते चित्ताच्या चार स्थिती ओळखायला सांगतात. चित्त पेंगू लागले तर जागे करावे. विखुरले तर शमवावे. आत वासनेचा रंग दडून बसला असेल तर तो ओळखावा. आणि सम झाले तर त्याला हलवू नये. त्यापुढे आणखी एक सूचना आहे, की तिथल्या सुखाचीही चव घेत बसू नये.

रियाजाला बसलेल्या माणसात या सगळ्या स्थिती अर्ध्या तासात येऊन जातात. रे-ग, रे-ग ही जोडी काही वेळ वाजवली की बोटे आपोआप चालू लागतात आणि मन पेंगते. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकाग्रता वाटते, वादकालाही वाटते. पण नेमक्या याच वेळी अंगठा पुन्हा बाहेर सरकतो आणि कळत नाही. इथे मन परत आणून उपयोग नाही, ते कुठे गेलेलेच नाही. त्याला जागे करायला काहीतरी बदलावे लागते, लय, सूर, नाहीतर जोडीतला दुसरा स्वर. विखुरणे ओळखायला सोपे: फोन, शेजारच्या घरातले बोलणे, उद्याचे काम. तिसरी स्थिती कठीण. मन स्थिर आहे, लक्ष आहे, तरी हातात एक हट्ट आहे. जुनी रीत अजून आतून खुणावते आहे. गौडपाद इथे काही करायला सांगत नाहीत, फक्त ओळखायला सांगतात, आणि अलेक्झांडरचा आरसा आणि हा उपदेश एकाच ठिकाणी येऊन मिळतात. चौथीबद्दल शिक्षकांनी विशेष ऐकावे असे आहे. हात बरोबर पडू लागला, शिष्य गप्प होऊन वाजवतो आहे, अशा क्षणी 'शाब्बास, आता लय वाढव' म्हणणे म्हणजे सम झालेले चित्त हलवणे. आणि सुखाची चव म्हणजे काय, ते प्रत्येक पेटीवाल्याला माहीत आहे. दोन स्वर नीट लागले की हात आपसूक आवडत्या भैरवीकडे वळतो, तीत रमतो, आणि रियाज तिथेच संपतो.

श्वासाचा वेगळा विचार करायला हवा. पेडणे तालुक्यातल्या पालये गावी १७१४ साली जन्मलेले संत सोहिरोबानाथ आंबिये नाथपंथी होते. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. बांद्याच्या कुलकर्णीपदावर असलेल्या या गृहस्थाला वाटेत एका सिद्धाची भेट झाली आणि त्याने चाकरी सोडली, असे परंपरा सांगते. नाथांच्या योगाचा पाया असा की प्राण चळतो तोवर चित्त चळते, प्राण स्थिर झाला की चित्त स्थिर होते. हठयोगप्रदीपिकेतही हे आहे. पेटीवाल्यासमोर हे तत्त्व डोळ्यांनी दिसते. अवघड जागा जवळ आली की वादक श्वास रोखतो, आणि त्याच क्षणी डावा हातही भात्यावर अडखळतो. स्वर किंचित दबतो आणि मग झटक्याने फुगतो. भाता तालावर हाणण्याची वाईट खोडही इथूनच येते. सावकाश श्वास सोडत रे वरून ग वर जायचे, एवढी एकच गोष्ट काही दिवस पाळली, तर खांदा न सांगता खाली येतो.

एकाग्रता म्हणजे एकाच वस्तूला चिकटणे, हीही समजूत पारखून घ्यावी. गोव्याचे तबलावादक, लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी आणि तोंडाने एकाच वेळी वेगवेगळे ताल चालवत, अशी त्यांची ख्याती होती. पाच ठिकाणी वाटलेले लक्ष असे करू शकत नाही. त्यांचे लक्ष तालांवर नसून त्यांच्या खालच्या एका लयीवर असले पाहिजे, असाच त्याचा अर्थ लागतो. पेटीवाल्याचेही तेच: भाता, बोटे, बुवांचा गळा, मृदंगाची सम यांकडे पाळीपाळीने पाहून साथ होत नाही. पण ही अवस्था दुरुस्तीनंतरची. दुरुस्ती चालू असताना लक्ष मुद्दाम अरुंद ठेवावे लागते, आणि याचा उत्तम नमुना गोव्याच्याच दुसऱ्या परंपरेत आहे. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर गोव्यात आलेल्या जेझुइटांचा साधनाग्रंथ म्हणजे इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना. तीत एका विशिष्ट दोषाचे परीक्षण सांगितले आहे: एका वेळी एकच दोष निवडायचा, सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करायचा, दुपारी आणि रात्री तो किती वेळा घडला ते रेघांवर ठिपके देऊन मांडायचे, आणि घडल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा. जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून १७५९ साली हाकलले गेले, पेडणे-डिचोली पोर्तुगीजांकडे आली त्याच्या आधीच, त्यामुळे ही रीत तेव्हा इथे पोचली नाही. घेण्यासारखी मात्र आहे. एकच दोष. मनगट, करंगळी, भाता, बैठक हे सारे एकदम सुधारू पाहणाऱ्याचे काहीच सुधारत नाही. ठिपक्यांबाबत एक सावधगिरी हवी: वहीत चुका मोजता मोजता मोजणेच फळ होऊन बसते, आणि आदल्या दिवसापेक्षा कमी ठिपके पडावेत म्हणून माणूस बेताने, भीत भीत वाजवू लागतो.

एक आक्षेप राहतो, आणि देवळात वाजणाऱ्या पेटीबद्दल तो गंभीरपणे घेतला पाहिजे. देव भावाचा भुकेला, मग अंगठ्याची एवढी चिंता कशाला? पट्ट्यांमधली फट विठ्ठलाला खटकत असेल का? संतपरंपरेचा कौल इथे वरवर पाहता आक्षेपाच्या बाजूने आहे. तिथे बोबडे बोलही देवाला गोड लागतात. पण तो कौल ज्याला येत नाही त्याच्यासाठी आहे. ज्याला चूक कळली आहे आणि सुधारणे हातात आहे, त्याने भावाचे नाव पुढे करणे म्हणजे भावाच्या आड आळस लपवणे. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या: तो दीर्घ काळ चालावा, खंड न पडता चालावा, आणि सत्काराने, आदराने केलेला असावा. तिसरी अट बहुतेक विसरली जाते. वादकाचा आदर ज्या ठिकाणी तपासता येतो ते ठिकाण दोन पट्ट्यांमधले आहे. पहाटे कोणी ऐकत नसताना रे वर थांबणे हा भावच आहे, आणि त्याला दुसऱ्या कोणत्या भावाची जोड लागत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. देवळात बसल्यावर दुरुस्ती बाजूला ठेवावी. तिथे बुवांचा गळा आणि बसलेल्या मंडळींचे नामस्मरण पुढे असते. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत बसणारा साथीदार त्या वेळी साथ करत नसतो. जुना हात आला तर येऊ द्यावा. म्हणून शक्य असेल त्याने काही महिने मंडळातून रजा घ्यावी, किंवा पेटी दुसऱ्याकडे देऊन टाळ धरावा. गावागावाचे उत्सवांचे वेळापत्रक वेगळे असते, पण श्रावण ते कार्तिक हा काळ भजनांच्या गर्दीचा. हात सुधारायला घ्यायचा तर तो सोडूनच घ्यावा.

परतताना क्रम लयीचा ठेवावा. रूपाचा अभंग संथ असतो, तो आधी नव्या हाताने बसवावा, तोही माहीत असलेल्या चालीत नाही, नव्या चालीत, म्हणजे जुन्या बोटांना ती ओळखीची वाटणार नाही. मग मध्य लयीचे अभंग, मग गवळण. गजर सर्वांत शेवटी. गजरात लय चढत जाते, टाळांचा कल्लोळ असतो, आणि प्रसुप्त सवय जागी व्हायला लागते ते सगळे तिथे एकत्र असते. एखाद्या वर्षी तो जुन्याच हाताने वाजला, तर पुढच्या पहाटे पुन्हा रे आणि ग पासून बसावे.